अल्मायराचं लोणी

"अल्मायराचं घ्या बाई, आज सकाळीच आलंय," असे म्हणत दुकानदार हॉइटने तळघरातून वर आणलेली लोण्याची वडी ओल्या फडक्यातून सोडवली आणि फळीवर ठेवली. पाद्रीबाई वाकून पाहू लागल्या. त्या गावात नव्या होत्या. त्यांच्या नवऱ्याने चर्चचा कारभार हाती घेऊन फार दिवस झाले नव्हते. वडीवर एका देठाच्या दोन नासपती उमटल्या होत्या, आणि उजवीकडच्या नासपतीच्या पोटावर एक बारीक आडवी रेघ होती, कुणी नख ओढावे तशी. पाद्रीबाईंनी हातमोजा काढला, करंगळीने कोपऱ्यातला कण उचलून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. "हे ज्यांनी केलंय त्यांना मला भेटायचंय," त्या म्हणाल्या. "अल्मायरा म्हणालात ना? कुठं राहतात त्या?" स्टोव्हभोवती बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. हॉइट सुरी पुसत होता. "चर्चच्या मागंच आहे की, मेपलच्या झाडाखाली. जवळ आहे तसं. पण तिथं राहायला गेलेलं माणूस परत आल्याचं मी तरी पाहिलं नाही." माणसे हसली. पाद्रीबाईंना चर्चमागची थडगी आठवायला थोडा वेळ लागला, मग त्यांच्या गालांवर लाली चढली. "म्हणजे मग हे लोणी..." "ठसा तिचा आहे," हॉइट म्हणाला. "बाकी चाललंय सगळं." तेवढ्यात कुणीतरी चिखलाचे बूट आपटत आत आले, खिळे मागू लागले, आणि विषय तिथेच संपला.

थर्झा टटल फळीपासून हातभर अंतरावर उभी होती. तिच्या दंडावरची टोपली रिकामी होती. तिच्यातल्या वड्या तिने स्वतः तळघरात उतरवून दिल्या होत्या. माणसांबरोबर तीही हसली होती. विनोद जुना होता, दर नव्या माणसापुढे हॉइट तो करी, आणि थर्झा तो ऐकताना कधी थबकली नव्हती. आज बाहेर येऊन घोड्याचा लगाम सोडवताना मात्र तिच्या लक्षात आले की बोटे गाठीवर नुसतीच फिरताहेत. मार्च महिना होता, रस्ता चाकाच्या आसापर्यंत चिखलाचा. गाडी हलली. पाद्रीबाईंनी डोळे मिटले होते ते तिला पुन्हा पुन्हा दिसत राहिले. लोणी जिभेवर ठेवून असे डोळे मिटणारे माणूस तिने पूर्वी पाहिले नव्हते. काउंटीतली माणसे लोणी खात, त्याच्याबद्दल डोळे मिटत नसत. त्या मिटल्या डोळ्यांमागे, त्या क्षणाला, एक बाई होती. पाद्रीबाईंनी तिचा चेहरासुद्धा कल्पिला असणार. तो कसा असेल याचा थर्झा विचार करू लागली आणि तिला आढळले की तो चेहरा आपण अल्मायराचाच धरून चाललो आहोत; रुंद कपाळ, बारीक हनुवटी, शेवटी शेवटी पिवळी पडलेली त्वचा.

अल्मायराचं लोणी. टेकडीला नाव असते तसे ते नाव होते. काउंटीतल्या प्रत्येक घराचा लाकडी ठसा होता आणि लोणी ठशाने ओळखले जाई. क्रेन यांची गव्हाची पेंढी, लॅथ्रप यांची चांदणी, नदीपलीकडच्या जर्मनांचे हृदय. एकाचा ठसा दुसरा घेत नसे. तसे करणे आणि शेजाऱ्याच्या डुकराचा कान कातरून आपली खूण करणे सारखेच. दुकानात बायका म्हणत, "पेंढी नको, मागच्या वेळी खारट होती, नासपती असेल तर दे." ज्या लोण्यावर कुणी मागावी अशी खूण नसे ते हॉइटच्या मागच्या खोलीतल्या पिपात जाई. पिवळे, पांढरे, खारट, खवट, सगळे एकाच लाकडी फावड्याने दाबलेले. पीप भरले की उत्तरेला लाकूडतोड्यांच्या छावणीकडे रवाना होई, आणि तिथे ते पावाला लावतात की गाडीच्या चाकाला, यावर स्टोव्हभोवतीच्या माणसांचे कधी एकमत झाले नव्हते. नासपतींचा ठसा अल्मायराच्या बापाने लेकीच्या लग्नासाठी कोरला होता. शेवटच्या क्षणी त्याचा चाकू निसटला. नवा लाकडाचा तुकडा घ्यायचा त्याला कंटाळा आला असेल किंवा लग्न दुसऱ्या दिवशीच असेल. रेघ राहिली, आणि पुढे तीच खरी ओळख ठरली.

थर्झा टटलांच्या घरी आली ती कामाची मुलगी म्हणून. ऑरिन टटलची बायको अल्मायरा आजारी होती आणि झऱ्यावरच्या दगडी खोलीत दुधाची भांडी नासत होती. थर्झाला दूध काढता येत होते, बाकी काही नाही. अल्मायराला खुर्चीसकट त्या खोलीत आणून ठेवावे लागे. थंडाव्यात शाल लपेटून ती बसे, मांडीवर तिची लहानगी फीबी, आणि डाव्या हातातल्या चमच्याने हवेत खुणा करून सांगे. "अजून नाही. बघ, साईला सुरकुती पडलेली नाही. थांब म्हणते ना! घाई करायची तर लग्न कर, लोणी नको करू." ती डावखुरी होती, सुईसुद्धा डाव्या हाताने धरी. थर्झा तिच्यासमोर उभी राहून आरशात पाहावे तसे सगळे उजव्या हाताने शिकली. पहिला हिवाळा संपायच्या आत अल्मायरा गेली. पुढच्या वर्षी गवत कापून झाल्यावर ऑरिन टटलने थर्झाला लग्नाचे विचारले, ती हो म्हणाली, आणि कुणाला त्यात नवल वाटले नाही. खोली तीच होती, घुसळणीचे पीप तेच, ठसा भिंतीवर त्याच खिळ्याला. दुसऱ्या कुणाच्या ठशाने वडी दाबायची हा विचार तिच्या मनात आला नव्हता, कारण ठसा आणि वडी या तिच्यासाठी दोन गोष्टी नव्हत्याच. फीबी तिला नावाने हाक मारी. कामाच्या मुलीला हाक मारावी तशी ती सुरू झाली, तशीच राहिली.

गाडी ओढ्यापाशी आली. घोडा पाणी प्यायला थांबला आणि थर्झा लगाम ढिला सोडून बसली. अल्मायरा साय पुरती आंबट होऊ देई. थर्झा थोडी आधी काढी. कधीपासून ते तिला आठवत नव्हते. अल्मायरा लोण्यातले ताक हाताने दाबून काढी. थर्झाच्या तळव्यांना घाम येई, म्हणून तिने लाकडी उलथन्याची सवय केली. मीठ कमी झाले होते. झऱ्याचे पाणी ती भांड्याखाली एकदा नव्हे, परत परत बदली. हे सगळे एकेक करून घडले होते. तेव्हा आज फळीवर जी वडी होती तिच्यात अल्मायराचे काय होते? खुर्चीतून आलेला तो आवाज होता. रेघ होती. पण जिभेवर जे विरघळले ते? थर्झाने हा प्रश्न मनात नीट मांडून पाहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या घरचा होता, आणि उत्तर न मिळाल्याने तिला फारसे वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते वेगळ्या गोष्टीचे. फीबीचे लग्न मे महिन्यात होते, आणि आईचा ठसा लेकीबरोबर जातो.

या गोष्टीवर घरात कधी बोलणे झाले नव्हते, कारण त्यात बोलण्यासारखे नव्हते. हल्डा क्रेन मात्र बोलली. ती गोधडीच्या चौकटीशी बसून टाके घालायला येई, आणि टाक्याइतक्याच सहज बोलून जाई. "काय गं फीबी, पेटीत ठसा टाकलास का आधी? चादरी राहू देत. चादरी तुझी सासू देईल, वॉरनची आई. ठसा घे पहिला, नाहीतर ही थर्झा सोडायची नाही. एक वेळ नवरा सोडेल, ठसा नाही!" "हल्डामावशी, तुमचं आपलं काहीतरीच," फीबी म्हणाली. ती डाव्या हाताने टाके घालत होती, त्यामुळे तिची जागा नेहमी चौकटीच्या कोपऱ्यात असे. "ती कशाला अडवेल? माझ्या आईचाच आहे तो. बाबा सांगतात ना, त्याच्या मुठीवर अंगठ्याचा खळगा आहे तो आईचाच. लहानपणी झोप आली नाही की मी तो ठसा उशीखाली घ्यायची." "घेत होतीस," थर्झा म्हणाली. "सकाळी लोण्याच्या वेळी शोधावा लागायचा." सगळ्या हसल्या. हल्डाने दोरा दाताने तोडला. "मग आता तू काय करणार थर्झा? बिनठशाचं लोणी पाठवणार हॉइटकडं, तोंड न धुतलेल्या पोरासारखं?" "बघू," थर्झा म्हणाली. "बघू काय? ऑरिनला सांग, कोरून देईल. हात बरा आहे त्याचा. पेंढी तेवढी सोड, ती माझी आहे." थर्झा सुईत दोरा ओवू लागली. दोऱ्याचे टोक सुईच्या भोकापाशी दोनदा चुकले.

ऑरिनने एका रविवारी चर्चहून आल्यावर स्वतःच विषय काढला. त्याने मेपलचा एक वाळलेला तुकडा बाजूला ठेवला होता. तो ओसरीवर बसला, तुकडा गुडघ्यावर फिरवला, आणि म्हणाला, "काय कोरू?" तिच्याकडे तो पाहत नव्हता, लाकडाचे रेषे पाहत होता. "ओकचं फळ कुणाचं नाही. गाय आहे, पण ती डोंगराकडच्या मरे लोकांची. पक्षी मला जमत नाही, कोंबडी होते. तुझ्या माहेरचं काय होतं?" हा प्रश्न त्याने इतक्या वर्षांत प्रथमच विचारला होता. थर्झा उत्तर शोधू लागली. तिचा बाप जिथे उभा असेल तिथून पुढची जमीन चांगली असे मानणारा माणूस होता. गाडी, ताडपत्री, चार दिवसांची झोपडी, परत गाडी. गाय असे तेव्हा दूध होई, लोणी कधी वडीपर्यंत पोचले नाही. भाऊ युद्धात गेला. बाप कॅन्ससकडे निघाला तेव्हा थर्झा कामाला लागली होती, ती मागे राहिली, आणि नंतर तिकडून काही कळले नाही. माहेर म्हणून तिला काय आठवत होते? कुठल्याशा ओढ्याकाठी आई पत्र्याची ताटली राखेने घासत होती. ताटलीवर फूल नव्हते, रेघ नव्हती, काही नव्हते. आई ती उन्हात धरी, तिच्यात काही दिसते का पाही, आणि परत घाशी. एवढेच. ते कोरता येण्यासारखे नव्हते. "राहू द्या," ती म्हणाली, "वेळ आहे अजून." "वेळ कुठं आहे? सफरचंदाला फुलं येतील आता." "तुम्ही म्हणाल ते कोरा." "मी म्हणून काय उपयोग?" ऑरिन म्हणाला. "माझी वडी थोडीच आहे?" तो वाईट माणूस नव्हता. लाकडाचा तुकडा त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि तो तिथेच राहिला. येताजाता थर्झाच्या नजरेला पडे. भांडी विसळताना, गायींकडे जाताना ती मनात एकेक खूण आणून पाही, पान, मासा, घंटा, आणि प्रत्येक वेळी तिला वाटे की आपण दुसऱ्याच्या खुंटीवरची टोपी घालून बघतो आहोत.

लग्न झाले. ठसा गाडीत चढला तो लोकरी कापडात गुंडाळून, फीबीच्या मांडीवर. खिळा भिंतीत राहिला, त्याच्याभोवती दगडावर एक फिकट गोल. थर्झाने नेहमीप्रमाणे लोणी घुसळले, धुतले, खारवले आणि वड्या उलथन्याने सारख्या करून हॉइटकडे नेल्या. त्याने एक वडी हातात घेऊन उलटसुलट केली. "टटलबाई, हिचं तोंड कुठाय?" "चव तीच आहे." "ते मला माहीत आहे हो. मला माहीत असून काय करू? मी काय प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागं सांगत फिरू? शेल्फावरचं लोणी स्वतः बोलतं, तेव्हा विकलं जातं." तिच्यासमोरच त्याने प्रयत्न करून पाहिला. गिरणीवाल्याची बायको आली होती, तिला तो म्हणाला, "हे घेऊन बघा, थर्झाचं आहे." "कोण थर्झा?" गिरणीवालीने विचारले. ती गेली कित्येक वर्षे दर रविवारी थर्झाच्या पुढच्या बाकावर बसत असे. "ऑरिन टटलची हो, दुसरी." "अगबाई, ती होय," गिरणीवाली म्हणाली, थर्झाकडे वळून गोड हसली, "बरी आहेस ना?" आणि तिने चांदणी घेतली. आठवड्याअखेर थर्झा गेली तेव्हा मागच्या खोलीचे दार उघडे होते. हॉइट फावड्याने पिपात काहीतरी दाबत होता. कडेला राहिलेला एक तुकडा अजून तिच्या उलथन्याच्या रेषा दाखवत होता. मग फावडे त्याच्यावरूनही फिरले. ते तिने पाहिले, मीठ घेतले आणि ती घरी आली. लोण्याचे काय होते एवढेच तिने पाहिले होते. तरी घरी पोचेपर्यंत तिला आपले दोन्ही हात मांडीवर कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूंसारखे दिसत राहिले.

जुलैत उकाडा वाढला. नासपतींच्या वड्या आता फीबीच्या सासरहून, लॅथ्रप वाडीवरून, चांदणीच्या जोडीने येत आणि पहिले काही दिवस त्या शेल्फावर पोचायच्या आत संपल्या. त्यानंतरच्या एका शनिवारी थर्झा दुकानात शिरली तेव्हा पाद्रीबाई फळीशी उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढे फडक्यात अर्धी वडी होती. "मला तक्रार करायला आवडत नाही," त्या म्हणत होत्या, "पण पाहुण्यांनी पाव बाजूला ठेवला." हॉइटने वास घेतला, नाक आक्रसले. "खरं आहे. तुम्ही पहिल्या नाही बाई. अल्मायरा बिघडली." स्टोव्ह आता थंड होता, पण माणसे सवयीने त्याच्याभोवतीच बसली होती. "इतकी वर्षं टिकली हेच नवल," एक जण म्हणाला. "उन्हाळ्यात कोण टिकतं?" दुसरा म्हणाला. हसणे झाले. थर्झाने वडी पाहिली. नासपती उलट्या होत्या, देठ खाली आणि फळे वर. कापलेल्या बाजूवर बारीक पांढुरके थेंब सुटले होते. ताक राहिले होते आत. घाई, आणि ऊन हात. हे कळायला तिला चव घ्यावी लागली नाही. आपल्याला बरे वाटेल अशी तिने क्षणभर वाट पाहिली. अल्मायरा आता खरोखर मेली होती, तेरा वर्षे उशिरा, सगळ्यांच्या समोर. शेल्फावर जागा झाली होती. काही न करता नुसते उभे राहिले तर पुरे होते. पण जे आले ते बरे वाटणे नव्हते. आपण खोलीत असताना आपल्याला न पाहता कुणी आपल्याविषयी वाईट बोलावे, तसे तिच्या मानेवर काहीतरी तापले. हॉइटने वडी उचलली आणि मागच्या खोलीकडे निघाला. "ती मला द्या," थर्झा म्हणाली. "काय करणार हिचं? गाडीचं चाक करकरतंय का?" "द्या म्हणते ना," ती म्हणाली, आणि आपल्या आवाजात खुर्चीतला तो जुना आवाज ऐकून जराशी चमकली.

लॅथ्रप वाडी टेकडीच्या पलीकडे होती. फीबी विहिरीपाशी होती, बाह्या वर, केस कपाळाला चिकटलेले. तिने टोपलीत वडी पाहिली आणि काय झाले ते तिला कळले. "हॉइटनं पाठवलं का तुला?" "नाही." "मग हसायला आलीस. हस. सगळे हसताहेत. वॉरनची आई जेवताना माझ्याकडं बघून भाकरीला चरबी लावते. आई असती तर तिनं शिकवलं असतं मला." थर्झाने टोपली खाली ठेवली. आपल्या हाताखाली ही मुलगी वाढली, आणि घुसळणीच्या खोलीतून पळून जायला दर वेळी तिला काहीतरी कारण सापडे. हे बोलता आले असते. "पाणी कुठून घेतेस?" तिने विचारले. "या विहिरीचं." "थंड आहे का?" "काय माहीत!" "हात घाल." मग दोघी सावलीत बसल्या. थर्झाने फीबीचे सकाळचे लोणी परातीत घेतले, त्यावर पाणी ओतले, उलथन्याने दुमडले, दाबले, पाणी फेकले. परत ओतले. पाणी दुधाळ होत होते. "आता झालं ना?" फीबी म्हणाली. "बघ ना, पाण्यात तुझी बोटं दिसतात का?" "पुसट." "मग नाही झालं." थोड्या वेळाने तिने उलथने फीबीच्या हातात दिले आणि ती नुसती पाहत बसली. डाव्या हाताची हालचाल होती, कोपर बाहेर फेकून. ती हालचाल थर्झाने फार पूर्वी हवेत, एका चमच्याच्या टोकाशी पाहिली होती. पाणी स्वच्छ आले तेव्हा फीबीने उलथने खाली ठेवले. नाकावरचा घाम तिने खांद्याला पुसला.

वडी झाली. फीबीने ठसा आणला, डाव्या हातात धरला, आणि वडीवर टेकवण्याआधी तो उलटा फिरवला. "असा का?" थर्झाने विचारले. "आईचा खळगा आहे ना इथं. अंगठा त्यात बसवायचा तर असाच धरावा लागतो." फीबीने दाखवले. मुठीच्या कडेला लाकूड खोलवर झिजून गुळगुळीत झाले होते, आणि तिचा बारीक अंगठा त्यात हलत होता. "खरं सांगू? बसत नाही नीट. सरकतो. माझ्या आईचा अंगठा एवढा मोठा होता?" थर्झाने हात पुढे केला. ठसा तिने आपल्या हातात घेतला. देठ वर. तिचा उजवा हात मुठीवर पडला, आणि अंगठा न शोधता त्या खळग्यात जाऊन बसला, दाराची कडी आपल्या घरात बसावी तसा. तिने कधी मुठीकडे पाहिले नव्हते. ठसा दाबताना कोणीही वडीकडेच पाहते. आता तिने पाहिले. लाकूड तिच्या अंगठ्याच्या पेराशी वळले होते, नखाच्या उजव्या कोपऱ्याशी जरा जास्त, कारण तिथे ती जोर देई. किती सकाळी लागल्या असतील याला, असा विचार येऊ लागला आणि तिने तो येऊ दिला नाही. तिने दुसऱ्या बाजूवरून बोट फिरवले. अगदी पुसट, डोळ्याला न दिसणारी, एक उथळ जागा तिथेही होती. तिने फीबीचा डावा हात धरला, ठसा देठ वर असा त्यात ठेवला, आणि तिचा अंगठा त्या जागेवर आणून सोडला. "हा तुझ्या आईचा," ती म्हणाली. "ती डाव्या हातानं करायची. तुझ्यासारखी." फीबीने अंगठा दाबून पाहिला. तिचा अंगठा त्या जागेवरून इंचभरही सरकत नव्हता. तिने वडीवर ठसा दाबला, उचलला. नासपती सरळ होत्या, रेघ जिथल्या तिथे. मग ती म्हणाली, "आणि मग हा दुसरा, खोल, हा कुणाचा?" "लाकूड आहे," थर्झा म्हणाली. "वापरानं झिजतं." फीबीने ठसा पुढे केला. "थर्झा, तू घेऊन जा हा. मला नाही जमायचं रोज." "जमेल. पाण्यात बोटं दिसेपर्यंत थांबायचं, एवढंच आहे." तिने टोपली उचलली. गाडीत चढताना मागून हाक आली असे तिला वाटले, पण ते कोंबड्यांचे काहीतरी होते.

घरी आल्यावर तिने खिडकीतला मेपलचा तुकडा उचलला आणि तो घेऊन कोठाराकडे गेली. ऑरिन कोयत्याला धार लावत होता. "नुसता गोल करा," ती म्हणाली. "गोल तर करीनच. आत काय?" "आत काही नाही. कडा तेवढी असू द्या, बारीक. आतलं गुळगुळीत. ताटलीसारखं." ऑरिनने कोयता खाली ठेवला. "लोक म्हणतील ऑरिनला कोरता येत नाही." "म्हणू देत." "आणि हॉइट त्याला नाव काय देणार?" "ते त्याचं तो बघेल." त्याने तुकडा हातात घेतला, अंगठ्याने रेषे चाचपले. "गुळगुळीत करणं सगळ्यात अवघड असतं, माहीत आहे का तुला?" तो जरा कुरकुरत म्हणाला. "रेघेत चूक लपते." दोन दिवस तो काचेच्या तुकड्याने ते लाकूड खरवडत होता.

पुढच्या शनिवारी शेल्फावर दोन्ही वड्या शेजारी होत्या. नासपती सरळ उभ्या होत्या आणि त्यांच्याशेजारी एक कोरा गोल, इतका सपाट की दारातला उजेड त्याच्यावर पडून राहिला होता. थर्झा हॉइटकडून दोऱ्याचे रीळ घेत होती तेव्हा पाद्रीबाई आल्या. त्यांनी नासपतींकडे संशयाने पाहिले. "सुधारली आहे आता," हॉइट म्हणाला, "पण विश्वास नसेल तर थांबा आठवडाभर." "हे कुठलं?" पाद्रीबाई कोऱ्या गोलाकडे वळल्या. हॉइटने खांदे उडवले. "हे नवीन आहे. बोलत नाही काही." पाद्रीबाईंनी हातमोजा काढला. करंगळीने कण घेतला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. थर्झाने ते पाहिले. रिळाचा दोरा तिच्या बोटाभोवती आवळला गेला होता. बोटाचे टोक पांढरे झाले होते. पाद्रीबाईंनी डोळे उघडले. त्या गोंधळल्या होत्या, ओळखीचा चेहरा भलत्याच गावात दिसावा तशा. "हे तर तेच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मार्चमधलं. हे कोण करतं?" हॉइटने तोंड उघडले. स्टोव्हभोवतीची माणसे विनोदाच्या तयारीने सरसावून बसली.

"मी," थर्झा म्हणाली.

कुणी हसले नाही. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. पाद्रीबाईंनी हात पुढे केला, थर्झाने बोटाचा दोरा सोडवून त्यांचा हात हातात घेतला, आणि दोघींनी हवेविषयी थोडे बोलून घेतले. ओढ्यापर्यंत आल्यावर, घोडा पाणी पीत असताना, तिला आठवले की आपण मिठासाठी आलो होतो आणि मीठ घ्यायचे राहिले. तिने घोड्याचे पिणे होऊ दिले. मग गाडी वळवली.